तेविसाव्या फोटोवरचं पांढरं

८ एप्रिल, मंगळवार

परत पांढरं.

रोल वाळला म्हणून काढून खिडकीत धरला, तर अंगभर पिठाचा हात फिरवल्यासारखा थर. चकचकीत बाजूला जास्त, दुसरीकडे नुसते ठिपके. होळीनंतरचा हा सलग तिसरा. त्याआधी घरीच धुतलेले चारही रोल स्वच्छ निघाले होते. फिल्म धुवायची डबी तीच, हात माझेच, पावडरीही त्याच दुकानातून कुरिअरने आलेल्या. मग बिघडलं कुठे?

आधीच्या दोघांचं दुःख नाही. एकात शाळेचं अंगण, दुसऱ्यात सु.ने काढलेली माझी पाठ. पण हा धसईच्या बाजाराचा रोल. ह्यात तेवीस नंबर आहे.

सु. म्हणाला, "मोबाईलवर काढला असतास तर..." पुढचं बोलू दिलं नाही. वाढदिवसाला कल्याणहून हा जुना कॅमेरा आणणारा नवरा तोच. त्याचा बोलायचा हक्क तेव्हाच संपला.

९ एप्रिल

पेपर तपासायचे सोडून हे लिहिते आहे. तेवीस नंबर गेलाच तर निदान वहीत तरी राहील.

गेल्या महिन्यात दादांना (सासरे) घेऊन धसईला गेले होते, वाल घ्यायला. गावठी वाल धसईचेच हवेत हा त्यांचा हट्ट. वालवालीसमोर एक म्हातारी पाठमोरी बसून घासाघीस करत होती. दादा मागून म्हणाले, "एवढ्याला घेऊ नको, किडके हायत." म्हातारीने मागे न बघताच सुनावलं, "तू कोन रे सांगनारा?" आणि मग वळली. बनाआत्या. दादांची थोरली बहीण.

अकरा वर्षं दोघं एकमेकांच्या दारात गेली नव्हती. आत्यांच्या मुलाचं लग्न. दादा सख्खे मामा, मंगलाष्टकांना भाच्याच्या मागे त्यांनी उभं राहायचं, आणि ऐन वेळी मामा मांडवातून गायब. हाका मारल्या, माणसं धाडली. मुहूर्त टळायला लागला तसा कुठलासा चुलतमामा उभा केला. दादा आले तेव्हा लोक पंगतीला बसत होते. "माज्यासाठी पाच मिनटं थांबली नाय" हे ह्यांचं. "सख्ख्या भाच्याच्या लग्नात पळून गेला" हे तिचं. कुठे गेला होतात असं घरात कोणी विचारलं की दादा उठून गोठ्यात जातात.

तर त्या बाजारात दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग आत्या म्हणाल्या, "दात कुठं गेले रे काशा तुजे?" आणि दादा हसले. तोंडभर, दात नसलेले. आत्याही हसल्या. मी कॅमेरा कधी वर केला मलाच कळलं नाही. तेवीस.

पुढे दोघांनी बोलणं केलं ते वालाचं आणि गुडघ्यांचं. लग्नाचा विषय दोघांनीही काढला नाही.

१० एप्रिल

आत्यांचा फोन. "फोटू झाला का गो? पंचवीस तारखेला चालले मी सुरतेला, पोराकडं. कायमची. भिंतीला लावीन."

म्हटलं, धुवायला घेतलाय.

दादा बाजूलाच होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मी देनार तिला. माज्या हातानं." एवढं बोलून सुपारी शोधायला लागले. ती कधीची तोंडात होती.

११ एप्रिल

फिल्मवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं. उत्तरं दहा, माणसं सात. एकाने सांगितलं ब्लिक्स, म्हणजे डेव्हलपरनंतरचं औषध, जुनं झालं (नाही झालं, मागच्या महिन्यातलं आहे). दुसऱ्याने सांगितलं शेवटचं पाणी कडक झालं. शेवटचं पाणी म्हणजे सगळी औषधं, सगळं धुणं झाल्यावर ज्यात फिल्म मिनिटभर बुडवायची आणि तशीच टांगायची, ते. त्यात जे काही असेल ते फिल्मवरच वाळतं. मी बादलीतलं घेते. ग्रुपवरच्या एका काकांनी सरळ विचारलं, "ताई, बादलीत पाणी कुठलं?"

नळाचं. उन्हाळ्यात आमचा नळ दिवसाआड आणि गढूळ. पण आमचं गढूळ पाणी घरात येईपर्यंत गढूळ राहत नाही, कारण घरात दादा आहेत. काकांना हे सांगितलं नाही, लांबण लागली असती.

काका म्हणाले, डिस्टिल्ड वॉटर घ्या. (यापुढे डि.वॉ. लिहीन.) त्याच पाण्याने जुनी फिल्मही परत धुता येते म्हणे. थर निघतो.

१३ एप्रिल, रविवार

शहापूरला जाऊन बॅटरीच्या दुकानातून डि.वॉ.चा पाच लिटरचा कॅन आणला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. सापगावच्या थांब्यावर उतरून घरापर्यंत हातात धरून आणताना दोघींनी विचारलं, तेल का?

कॅन स्वयंपाकघरात ठेवला. दादांनी वाकून बघितला, वासही घेतला. "इकतचं पानी?"

"हो दादा. फोटोसाठी."

"बॅटरीवाल्याचं?"

"हो."

"हं," म्हणाले.

दादा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर होते. पंप चालू-बंद करणं, टाकी धुणं, औषध टाकणं, निवृत्त होईपर्यंत हेच. त्यांच्या एका 'हं'मध्ये पाण्याविषयी बरंच काही असतं. मी लक्ष दिलं नाही.

१५ एप्रिल

शाळेतून आल्यावर धसईचा रोल डि.वॉ.मध्ये अर्धा तास भिजवला. मग ताज्या डि.वॉ.मध्ये शेवटचं पाणी बनवून बुडवला, टांगला. ओला असताना इतका सुंदर दिसत होता की सु.ला हाक मारून दाखवला. सु. म्हणाला, "वा." मनापासून म्हणाला.

वाळल्यावर पहिल्यापेक्षा दुप्पट पांढरं.

जेवले नाही. म्हणजे जेवले, पण भांडत जेवले. सु.शी, आमटीशी.

१६ एप्रिल

सु.च्या जुन्या टॅबच्या उजेडावर फिल्म ठेवून मोबाईलने निगेटिव्हचे रंग उलटे करून बघितलं. दोघांच्या तोंडावर चुरमुरे उधळावेत तसे ठिपके. हसू कळतं, डोळे कळत नाहीत. असला फोटो कोणी भिंतीला लावत नाही.

दादांनी विचारलं, "झाला?" "वाळतोय," म्हटलं. कालपासून वाळतोय.

पाचवीच्या पोरांना परिसर अभ्यासात शिकवते तो प्रयोग स्वतःच केला. स्टीलच्या ताटात तीन थेंब: नळाचं पाणी, बादलीतलं, डि.वॉ. ताट उन्हात. एप्रिलचं ऊन, चहा होईस्तोवर थेंब आटले. नळाचा: मातकट डाग. बादलीचा: पांढरं कडं. डि.वॉ.चा: सगळ्यात जाड पांढरं कडं.

डि.वॉ.चा! ज्यात काहीच नसायला हवं त्यात सगळ्यात जास्त. म्हणजे बॅटरीवाल्याने फसवलं. बोअरचं पाणी भरून विकतो मेला.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी होती. ताट पिशवीत घालून शहापूरला. दुकानदाराला चार माणसांत सुनावलं. शिक्षिकेचा आवाज आहे, रस्त्यापलीकडे गेला असणार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सील तुम्हीच फोडलं ना? बसा." नवा कॅन माझ्यासमोर फोडला, झाकणभर पाणी घेऊन दुकानासमोरच्या बाईकच्या आरशावर दोन थेंब टाकले. आम्ही दोघं आरशाकडे बघत उभे. थेंब आटले. आरशावर काही नाही. माझं तोंड तेवढं दिसत होतं.

"कॅनमध्ये घरी काय मिसळलं का कोणी?"

"आमच्याकडे कोण मिसळणार?" असं म्हणत ताट पिशवीत घालायला लागले. आणि दादांचं 'हं' आठवलं.

१९ एप्रिल

सकाळी मुद्दाम लवकर उठून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. स्वतःच्याच घरात चोरासारखी.

दादा आले. आधी मोठं पिंप. दोरीला बांधलेला तुरटीचा खडा पाण्यात सोडून गोल फेरे, तोंडाने मोजत. मग माझी बाथरूमची बादली. मग कॅनचं झाकण काढलं, आणि खडा आत जात नाही म्हणून त्याचा तुकडा चमच्याला बांधलेला होता, तो आत घालून ढवळायला लागले.

मी पुढे आले. दादा जराही दचकले नाहीत. उलट तक्रार केली. "हे तुजं पानी बग. आठवडाभर फिरवतोय, तळाला काय बसतच नाय. एवढासा पन गाळ नाय. म्हनून रोज दोन फेरे जास्ती देतोय."

डिस्टिल्ड पाणी. त्यात बसणार काय? आणि काही बसेना म्हणून त्यांनी आणखी तुरटी दिली. आणि ती सगळी तेवीस नंबरवर जाऊन बसली.

"फोटूला घान पानी कशाला," म्हणाले. "तू एवढी राबतेस."

मी चहा ठेवला.

तुरटी होळीनंतर सुरू होते, पाणी गढूळ व्हायला लागलं की. माझे हिवाळ्यातले चार रोल स्वच्छ का होते ते आत्ता कळलं. आणि मी शिव्या दिल्या बॅटरीवाल्याला.

२० एप्रिल, रविवार

सु. म्हणतो, सांगू नको. "आख्खं आयुष्य पाण्यात काढलं त्यांनी. तू त्यांना सांगणार, तुमचं पाणी वाईट?" नवा कॅन आणू, लपवून ठेवू, विषय संपला.

लपवायचा कॅन मी मनात ठेवूनसुद्धा बघितला. कणगीमागे. मग वाटलं, माझ्यासाठी पहाटे उठून चमच्याला तुरटी बांधणाऱ्या माणसापासून पाणी लपवायचं? मला ते जमणार नाही. दादा माझे लाडके आहेत. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मला गावचं पाणी बाधलं तेव्हा पंधरा दिवस माझा तांब्या त्यांनी वेगळा भरला होता. माझ्या माहेरच्यांनीही एवढं केलं नसतं.

दुपारी पडवीत त्यांनीच विचारलं, "वैशाली, खरं सांग. बिघडला ना फोटू?"

सांगितलं. ताट दाखवलं, तीन डाग दाखवले. जेवढं हळू सांगता येईल तेवढं हळू. तुरटीने पाणी प्यायला चांगलं होतं, पण फिल्मवर ती मागे राहते, एवढंच.

त्यांनी ताटावरच्या जाड कड्यावर नख फिरवलं, जिभेला लावून बघितलं. तुरटीची चव त्यांना कोण सांगणार.

"माजीच हाय," म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले.

२१ एप्रिल

पिंपातलं पाणी गढूळ. चहा मातकट. दादांनी आज तुरटी फिरवली नाही. खडा खुंटीवर कोरडा.

सु. माझ्याकडे बघतो, मी चहाकडे.

दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "होतं मॅडम. आमचे बाबा बॅटरीत गंगाजल घालायचे."

२२ एप्रिल

सकाळी दादा न सांगता बाहेर पडले. दहाला परत, खांद्यावर कॅन. सत्तरीचा माणूस, शहापूरहून पाच लिटर पाणी घेऊन. "सील बगून आनलंय. मी झाकनाला हात नाय लावला."

आणि खिशातून कागदाची पुडी. लिंबूसत्व. वाण्याकडचं, भेळेच्या पाण्यात घालतात ते. "टाकीच्या भिंतीला तुरटीचा पांढरा थर धरायचा ना, तो साध्या पान्यानं जात नाय. कितीबी धू. आमी आंबट लावायचो. सोडवतं ते."

मी ग्रुपवर सात जणांना विचारलं होतं. घरात विचारलं नव्हतं.

काकांना कळवलं तर म्हणाले, आंबट चालेल, पण अगदी पातळ आणि आधी टाकाऊ तुकड्यावर. माझ्या पाठीचा रोल बळी दिला. अर्ध्या तुकड्याला नुसतं डि.वॉ., अर्ध्याला लिंबूसत्वाचं चिमूटभर पाणी, दोन मिनिटं, मग डि.वॉ.ने तीनदा धुणं. वाळेपर्यंत दोघं खुर्च्या टाकून बसलो.

पहिला अर्धा: पांढरा तो पांढरा. दुसरा: स्वच्छ. कडेला जरासं धुकं, बाकी काच.

संध्याकाळी पिंपात तुरटी फिरली. माझी बादली सोडून.

२३ एप्रिल

आत्यांचा फोन. सामान बांधलं, परवा पहाटेची गाडी. "नसंल झाला तर ऱ्हाऊ दे गो." हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या त्यावरून राहू द्यायचं नाही हे कळलं.

तेवीस नंबर उद्या सकाळी. आज नको म्हटलं. उन्हाळ्यात फिल्मवरचा लेप मऊ पडतो, घाईत नख लागलं तर सगळंच सोलून निघायचं. नळाचं पाणीच सध्या गरम येतं.

रात्रीच्या भाकरी करताना दादा चुलीपाशी येऊन बसले. मी काहीच विचारलं नव्हतं. बनाआत्यांना ते बाय म्हणतात.

"बायच्या मांडवात टँकर आला होता. लाल पानी, निस्ती माती. हजार मानूस ते पेनार. मी तुरटी शोधाया गेलो. दुकान बंद, दुसऱ्या गावात गेलो सायकलवर. आनून टाकीत फिरवली, आनि मग मांडवात आलो तर तांदूळ पडून गेले होते."

भाकरी करपली. "मग सांगितलं का नाहीत आत्यांना? अकरा वर्षं!"

"काय सांगू? भाचा उभा हाय आनि मामा तुरटी फिरवतोय? लोक हसले असते." चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाले, "आनि तिनं बी विचारलं नाय. निस्तं पळाला म्हनाली."

मला रडू आलं आणि हसूही. करपलेली भाकरी त्यांनी मागून घेतली.

२४ एप्रिल, गुरुवार, सकाळ

रजा टाकून धुतला. डि.वॉ.ने आधी भिजवला, मग आंबट पाणी दोन मिनिटं. दादा बाथरूमच्या दारात घड्याळ घेऊन, "धा सेकंद ऱ्हायली... काड." त्यानंतर तीनदा धुणं. शेवटचं पाणी ताज्या कॅनमधून. टांगला, खाली चिमटा. दार लावून घेतलं, धूळ नको.

कसा झाला सांगता येत नाही. ओला आहे. ओला तर तेव्हाही छानच दिसत होता.

वाळायला दुपार होणार. मग टॅबवरून काढायचा, शहापूरच्या स्टुडिओतून प्रिंट, मग मुरबाडमार्गे धसई. आत्यांची गाडी उद्या पहाटे. मी हिशेब करत होते की कुठली एस.टी. धरली तर पोचेन.

बघते तर दादा धुवट सदरा घालून उभे. टोपी नवी.

"मी चाललो बायकडं."

"दादा, फोटो अजून..."

"फोटू मागून येऊ दे. सुरतेला धाड पोस्टानं. नाय निघाला तरी चालंल." चप्पल घालायला वाकले, तसेच वाकून म्हणाले, "तिला सांगायचंय कुठं गेलो होतो ते. फोटू हातात घेऊन गेलो तर ती फोटूच बगत बसंल."

फाट्यापर्यंत मी सोडायला गेले. दादा बसमध्ये खिडकीशी बसले, माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिले. घाबरले होते. मीही.

दुपार

फोन नाही. दादा मोबाईल नेत नाहीत, आत्यांचा लागत नाही. तीनदा करून बघितला. सु. म्हणतो, बोलत असतील. मी म्हणते, भांडत असतील. सु. म्हणतो, तेच ते.

रोल वाळला. दार उघडून काढला. खिडकीत धरला.

एक ते बावीस स्वच्छ. तेवीस: दादांवर काही नाही, चेहरा नितळ, हसणं आख्खं. वालांची टोपलीसुद्धा निघाली आहे, मागे कोणाची सायकल. आत्यांच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका राहिलाय. बारीक, मोहरीच्या निम्मा. टॅबवर मोठा करून बघितला तर नेमका हसण्याच्या टोकावर.

ओल्या कापसाने हलकेच पुसला तर निघेल. किंवा ओरखडा पडेल, आणि मग तो कायमचा. पुन्हा आंबट लावलं तरीही निघेल कदाचित. कापूस भिजवलासुद्धा. फिल्म ताटावर, माझा हात वर.

मग कापूस ठेवून दिला. पाणी ज्यांचं त्यांना विचारून करेन. संध्याकाळच्या गाडीने दादा आले तर संध्याकाळी, राहिले तर उद्या.